रोहिदासचं ‘चूप’

शीलाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या फाटकाशी ऑटोतून उतरत होते. "मॅडम, हे उठून नाही राह्यले," ती म्हणाली. मी एका हातानं पर्समध्ये सुटे शोधत होते, आणि तशीच म्हणाले, "झोपू दे ना गं, त्याचा पहिला तास नाही आज." मग तिच्या मागं कुणी बाई मोठ्यानं ओरडल्याचं ऐकू आलं, आणि तरीही माझ्या डोक्यात एवढंच, की नवऱ्याला उठवायला ही मला कशाला फोन करते आहे... रोहिदास त्या पहाटे झोपेतच गेला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. ही गोष्ट मला कळली, पण समजली असं पुढं कितीतरी आठवडे म्हणवत नव्हतं. मी गणिताची बाई, एका ओळीतून दुसरी ओळ निघाली पाहिजे अशी माझी सवय. इथं मधली ओळच गायब होती, आणि ती कुठं शोधायची तेही मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी आधी त्याच्या घरी जायला हवं होतं, पण पाय आपोआप आत वळले आणि मी त्याच्या वर्गासमोर जाऊन उभी राहिले. फळ्यावर त्यानं आदल्या दिवशी काढलेला बैल तसाच होता. पाठीवर एकावर एक गोण्या रचलेला बैल, चार पाय काठ्यांसारखे, तोंड कुणाचं ते सांगता येणार नाही असं. रोहिदासला चित्रकला अजिबात येत नव्हती आणि त्याला त्याची लाजही नव्हती. दरवर्षी नव्या वर्गासमोर तो हा बैल काढायचा आणि पोरं दरवर्षी विचारायची, "सर, बकरी आहे का?"

रोहिदास आमच्या पांढरकवड्याच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचा. यवतमाळला बी.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो, तेव्हापासूनची ओळख. तो फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरचा, मी पांढरकवड्याच्या वकिलाची मुलगी. मंजिरी हे माझं नाव त्यानं क्वचितच घेतलं असेल. केस पांढरे झाले तरी मी त्याच्यासाठी ‘वकीलसाहेबाची पोरगी’च होते. मीही त्याला ‘नायकसाहेब’ म्हणायचे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं समोरासमोर. त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकर माझ्याकडे आणि माझ्या डब्यातला गोड शिरा त्याच्याकडे, हा व्यवहार शीलाला माहीत होता. म्हणून ती भाकर एक जास्तच घालायची.

त्याच्या विषयातलं मला थोडंबहुत कळायला लागलं ते एका फजितीमुळे. मला वर्गात मोठमोठी समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवून दाखवायची हौस आली होती. मी एक प्रोग्राम लिहिला. त्यात दोन हजार ओळी आणि दोन हजार स्तंभांचा आकड्यांचा चौकोन घेतला, आणि पहिलीच ओळ अशी लिहिली की पडद्यावर ‘सुरू’ असा शब्द यावा. प्रोग्राम चालवला की धाडकन बंद. ‘सुरू’सुद्धा नाही. मी समीकरणांचा भाग तपासला, भागाकार तपासले, कुठं शून्यानं भागते आहे का ते पाहिलं. दोन दिवस मी त्या गणिताच्या मागं होते. शेवटी हार मानून रोहिदासला बोलावलं. त्यानं पडद्यावर नजर टाकली आणि हसायला लागला.

"अंगणातच मेलं थे, अन् तू चुलीपाशी शोधून राह्यली!"

मग त्यानं खडू घेतला आणि बैल काढला. त्याचे पूर्वज लदेणी करायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून गावोगाव न्यायचे. तो म्हणाला, प्रोग्राममधलं प्रत्येक फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा तुकडा, कामाला निघालं की आपली गोणी या बैलाच्या पाठीवर चढवते, आणि काम संपलं की उतरवते. शेवटी चढलेली आधी उतरते. सोय चांगली, झटपट. पण पाठ ती किती? लिनक्सवर साधारण आठ एमबी, विंडोजवर तर एकच. माझा तो चौकोन फंक्शनच्या आत घोषित केलेला होता, म्हणजे अख्खा पाठीवरच. बैल पहिलं पाऊल टाकायच्या आधीच बसला. "वाटेत लागते तेवढंच पाठीवर ठेवावं. मोठा माल तांड्यावर उतरवायचा, अन् कुठं उतरवला तेवढं ध्यानात ठेवायचं. बस. एवढंच आहे सारं."

मी म्हटलं, पण मशीनमध्ये एवढी मेमरी रिकामी पडली आहे, मग पाठच मोठी का नाही देत? तर म्हणे, "घर किती का मोठं असंना, चुलीपाशी कोणी पोतं ठेवतं काय?" मला ते तेव्हाही पूर्ण पटलं नाही. पाठीची हद्द वाढवायचा एक हुकूम असतो असं त्यानंच नंतर कधीतरी सांगितलं, पण नाक मुरडून. हद्द वाढवणं म्हणजे बैल दमला की चाबूक मारण्यासारखं आहे, उतरव म्हटलं की उतरवावं, असा त्याचा हेका. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कुणी फंक्शनच्या आत मोठा अॅरे, म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग, घेतला की रोहिदास बाहेरच्या परीक्षकाच्या देखत पोराला म्हणायचा, "बैल मेला ना तुझा." हे सगळं मी विस्तारानं सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्यात मी सर्वांत जास्त इथंच गोंधळले.

त्याच्या आईला सगळा तांडा याडी म्हणतो. त्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आईच, पण ती सगळ्यांचीच याडी. ऐंशीच्या पुढची असेल, तिलाही माहीत नाही. आजूबाजूच्या तांड्यांत लग्न असलं की तिला बोलावणं यायचं, कारण ढावलो म्हणावा तर याडीनंच. ढावलो म्हणजे नवरी सासरी निघताना गळ्यात पडून, रडत रडत म्हणायचं गाणं. मयतीतही बाया तसंच सुरात रडतात. रोहिदासच्या पुतणीच्या लग्नात मी तो पहिल्यांदा ऐकला. शब्द एक कळत नव्हता, आणि मी मांडवाच्या खांबाला धरून ढसाढसा रडत होते. वराकडच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या, की ही कोण नवरीची? दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी याडीला म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा ना. ती एकदम गंभीर झाली.

"आता कोन चाललं सासरी? कोन मेलं? कायले रडू मी उगाच?"

तिचा नेम होता तो. कारणाशिवाय ढावलो पूर्ण म्हणायचा नाही. पूर्ण म्हटला तर कारण चालत घरी येतं, असं ती मानायची. फारच आग्रह झाला तर भाजीचं मीठ चाखावं तेवढा, चार-दोन ओळी म्हणायची आणि पदर तोंडाला लावून गप्प बसायची. मग कितीही विनवण्या करा.

रोहिदासला हे गाणं जाऊ द्यायचं नव्हतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी तो घाटंजी, आर्णी, महागाव करत बसा बदलून तांड्यावर जायचा आणि फोनमध्ये याडीच्या त्या चार-दोन ओळी रेकॉर्ड करून आणायचा. पण तिच्या घराच्या भिंतीला लागूनच पिठाची गिरणी. रेकॉर्डिंगमध्ये याडी कमी आणि गिरणीची घरघरच जास्त. "लाइट गेली की गिरणी बंद होते," तो सांगायचा, "पण लाइट गेली की याडीबी वावरात जाते ना!" गिरणीवाल्याला मोटार बंद कर म्हणणं त्याला पटायचं नाही, त्याचं पोट त्यावर. मग त्यानं एक प्रोग्राम लिहिला. आवाज घ्यायचा, त्यातली त्या गिरणीची घरघर तेवढी वेगळी करून काढून टाकायची आणि माणसाचा आवाज ठेवायचा. त्या प्रोग्रामचं नाव त्यानं ठेवलं ‘चूप’. मोबाइलवरची तसली तयार अॅप्स मी नंतर वापरून पाहिली. त्यांतून याडी विहिरीत बसून बोलल्यासारखी ऐकू येते. ‘चूप’ला ती एकच गिरणी ओळखता येत होती, पण ती फार चांगली ओळखता येत होती.

शेवटचं बोलणं स्टाफरूममधलं. तो सुटीत तांड्यावर जाऊन आला होता. फोन माझ्यापुढं नाचवत म्हणाला, "या खेपेला मोठं रेकॉर्डिंग हाय. अर्ध्या तासाचं."

"म्हणजे पूर्ण म्हटला याडीनं?" मी विचारलं.

"मीच म्हणलं तिले, एकदा पूर्ण म्हण. डोळे मिटून म्हणायले लागली. पण मले मधात डोळा लागला ना बापा. झालं काय म्हणून विचारलं तं झालं म्हणे. अजून ऐकलं नाही. साफ करून ऐकवतो तुले."

मग माझा तास होता. मी गेले. संध्याकाळी तो लवकर घरी गेला होता. एवढंच. नीट निरोप असा काही झालाच नाही.

त्याला तांड्यावर नेलं. मी गाडीत शीलाजवळ होते. तिथं पोचलो तेव्हा बायांचा आकांत सुरू होता, एकेक जण शीलाच्या गळ्यात पडत होती, सुरात रडत होती, आणि मला सारखं वाटत होतं, आता याडी उठेल, आता तिचा आवाज येईल. याडी उठली नाही. भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे, ओठ घट्ट. अख्ख्या मुलुखात ढावलोसाठी जिचं नाव, ती पोटच्या पोरासाठी एक ओळ म्हणेना. बाया कुजबुजायला लागल्या. धक्का बसला म्हणावं तर ती पाणी मागत होती, कोण आलं कोण गेलं ते पाहत होती. मला काही म्हणजे काही उमजेना.

उलगडा झाला तो दिवस-पाणी आटोपल्यावर. शीला मला घराच्या मागं घेऊन गेली. म्हणाली, "मॅडम, थे म्हणते का मीच खाल्लं माझ्या पोराले." त्या सुटीत याडीनं लेकाच्या हट्टापायी ढावलो म्हटला होता. कुठवर म्हटला ते तिला आता नीट आठवत नव्हतं. आधी म्हणाली, अर्धा म्हटला. मग म्हणाली, नाही, झालं म्हटलं होतं मी त्याले, म्हणजे झालाच असेल. त्यात घरातलीच, शीलाची एक जाऊबाई सगळ्यांसमोर बोलून गेली, की कारण नसताना रडून घेतलं, आता कारण आलं घरी. आणि शीलानं बिचारीनं भोळेपणानं त्याचा फोन उघडून पाहिला तर रेकॉर्डिंग अर्ध्या तासाचं. त्यातून नुसती घरघर ऐकू येत होती. याडीनं फोन भिंतीतल्या कोनाड्यात, म्हणजे ऐन गिरणीच्या पाठीशी ठेवला होता. पण लांबी तर दिसत होती. याडी म्हणाली, अर्धा तास म्हणजे पूर्ण. मग तिनं बोलणंच टाकलं. जेवणही नावाला.

"यांचं थे चूप तुमाले चालवता येईल काय, मॅडम?" शीलानं विचारलं आणि त्याचा लॅपटॉप न् फोन माझ्या हातात दिले.

मी हो म्हटलं. शकुन-अपशकुन मी मानत नाही. आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर वडील मांजराला रस्ता द्यायचे आणि पुढं जायचे, तेवढंच. पण याडीला मी हे कसं सांगणार होते, आणि सांगून काय होणार होतं? तिला माझं मत नको होतं. तिला फक्त हे हवं होतं, की त्या दुपारी ती कुठं थांबली. ते कळलं नाही तर ही बाई अशीच भिंतीला टेकून संपणार, एवढं मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूम रिकामी असताना मी त्याचा लॅपटॉप उघडला. ‘चूप’ सापडलं. आधी जुनी रेकॉर्डिंग्ज लावून पाहिली, छोटी छोटी. छान चालली. गिरणी गेली आणि याडी आली, अगदी टेबलापलीकडून आल्यासारखी. मग ते अर्ध्या तासाचं दिलं. धाडकन बंद. पुन्हा दिलं. पुन्हा बंद. ना सूचना, ना काही कारण. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द. फाइल खराब असेल म्हणून फोनमधून पुन्हा उतरवली. तेच. मग मी त्याचा प्रोग्राम उघडून घरघर काढायचा भाग वाचत बसले. साइन, कोसाइन, गुणक, सगळं ओळखीचं. तिथं चूक शोधत राहिले. काही सापडेना आणि मी रडकुंडीला आले. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "काय लिहून ठेवलंस रे हे?"

आणि मग आठवलं... अंगणातच मेलं थे.

मी वर गेले, अगदी फंक्शनच्या सुरुवातीला. तिथं एक ओळ होती. आवाजाची लांबी मोजायची आणि तेवढ्याच लांबीचा अॅरे तिथल्या तिथं, फंक्शनच्या आत, घ्यायचा. म्हणजे पाठीवर. आवाज छोटा तर गोणी छोटी, आवाज मोठा तर गोणी मोठी. मी कागदावर हिशेब केला. दीड मिनिटाच्या आसपास आठ एमबीची पाठ भरत होती. त्यापुढं बैल बसणार.

मी त्या ओळीकडे पाहत राहिले. ही चूक माझ्याकडून व्हावी, पहिल्या वर्षाच्या पोराकडून व्हावी, पण रोहिदासकडून? ज्यानं जन्मभर बैल काढला त्यानं? घाईत लिहिलं? तात्पुरतं म्हणून लिहिलं आणि राहून गेलं? माझं डोकं चालेना. आमच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, पाहा, दुसऱ्याला ओझं उतरवायला सांगणारा माणूस स्वतः मात्र वाहत राहिला. शोकसभेत टाळ्या घ्यायला हे वाक्य बरं आहे. मला त्याचा राग आला. रोहिदास काही ओझंबिझं वाहत नव्हता. दुपारी झोपणारा, शिरा मागून खाणारा सुखी माणूस होता तो.

कारण सुचलं ते डबा उघडताना, शिऱ्याकडे पाहत असताना. त्यानं हद्द मोजलीच होती. त्याच्या हिशेबानं याडी दीड मिनिटाच्या वर कधी म्हणणारच नव्हती. चार-दोन ओळी, मीठ चाखण्यापुरत्या. त्यानं मशीनच्या भरवशावर नाही, आईच्या नेमाच्या भरवशावर प्रोग्राम लिहिला होता. तेवढं ओझं पाठीवर आरामात मावत होतं, मग उतरवायची उठाठेव कशाला? जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. मला हसू आलं, आणि हसता हसताच मी डबा बंद केला. कारण याचा दुसरा अर्थ असा होता, की नेम मोडला होता, म्हणूनच ‘चूप’ पडलं होतं. जाऊबाई जे बोलली तेच मशीन बोलत होतं. मी शकुन न मानणारी बाई, आणि मला त्या पडद्याची भीती वाटली.

आता दोन वाटा होत्या. ती ओळ बदलायची, माल पाठीवरून खाली उतरवायचा. त्यानं हेच सांगितलं असतं. नाहीतर तो हद्द उठवायचा हुकूम द्यायचा, ज्याला तो नाक मुरडायचा. त्यानं लिहिलेल्या ओळीवर कर्सर नेला आणि मला ती पुसवेना. रोहिदासच्या हातची ओळ होती ती, आईवर विश्वास ठेवून लिहिलेली. आयुष्यभर त्याचं ऐकलं नाही, आता कशाला ऐकू? मी इंटरनेटवर तो हुकूम शोधला, टाइप केला आणि पाठीची हद्दच उठवून टाकली. ओरडायचं असेल तर ये ओरडायला, म्हटलं.

‘चूप’ चाललं. शेवटपर्यंत. साफ केलेली फाइल समोर आली आणि मी ती ऐकली नाही. धीर झाला नाही हे खरंच, पण ऐकून उपयोगही नव्हता. मला त्यांची बोली येत नाही. गाणं संपलं की मधेच तुटलं, ते मला कुठून कळणार? ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

कागदपत्रांसाठी पांढरकवड्याला आलेली शीला आणि मी तांड्यावर गेलो. आर्णीला बस बदलताना शीलानं फक्त एवढं विचारलं, "पूर्ण असलं तं?" पूर्ण असलं तर फाइल खराब झाली म्हणून सांगायचं का, हा विचार मी महागावपर्यंत करत होते आणि तोही धड कुठं पोचला नाही.

आम्ही गेलो तेव्हा लाइट नव्हती, म्हणून गिरणी गप्प होती. गिरणीपुढं दोन-तीन बाया दळणाचे डबे घेऊन लाइटची वाट पाहत बसल्या होत्या. याडी आत, त्याच भिंतीला टेकून. शीलानं आपला फोन सवयीनं कोनाड्यात ठेवला. मी लॅपटॉप याडीच्या मांडीजवळ ठेवला आणि म्हटलं, "याडी, तुमचं त्या दिवशीचं आहे. लावू?" तिनं लॅपटॉपकडे पाहिलं. मी लावलं.

आधी रोहिदास बोलला. "पूर्ण म्हण याडी, एकदा, माह्यासाठी." इतका जवळून, की शीलानं दाराकडे पाहिलं. मग याडी. पहिली ओळ, दुसरी, नेहमीच्या चार-दोन झाल्या आणि ती पुढं गेली. याडी समोर बसून स्वतःलाच ऐकत होती, तिच्या बोटांनी पदराचं टोक आवळून धरलं होतं. आवाज चढत गेला, आणखी एक ओळ, आणखी एक... आणि त्यातच बारीक घोरणं ऐकू यायला लागलं. रोहिदासचं. स्टाफरूममध्ये रोज ऐकलेलं. एका ओळीच्या मधोमध याडी थांबली. मग ती अगदी हळू तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मी शीलाकडे पाहिलं. "दमला माहा पोरगा, म्हणते," शीला म्हणाली.

पुढं गाणं नव्हतंच. पुढं ती सगळी दुपार होती. त्याचं घोरणं, बांगड्यांची एका लयीतली किणकिण. आधी मला कळेना हे काय, मग कळलं, ती त्याला पदरानं वारा घालत होती. मधेच तिनं कोंबडी हाकलली. दारातून कुणीतरी हाक मारली तर तिला दबक्या आवाजात दटावलं. पुन्हा किणकिण. फोन बंद करायचा राहून गेला होता, आणि पन्नाशीच्या पोराला आई वारा घालत बसली होती. एवढंच काय ते अर्ध्या तासाचं ओझं, जे ‘चूप’ला पेललं नव्हतं. अगदी शेवटी रोहिदास जांभई देत म्हणाला, "झालं काय याडी, पूर्ण?" आणि याडी म्हणाली, "झालं, झालं. उठ, जेव आता." भांड्याचा आवाज, आणि संपलं.

मग याडी म्हणाली, मला की शीलाला की त्या लॅपटॉपला कोण जाणे, "झालं म्हणलं मी त्याले... झालं नव्हतं."

एवढ्यात लाइट आली. बाहेरच्या बाया उठल्या, गिरणीची मोटार सुरू झाली, भिंत थरथरायला लागली. याडीनं डोळे मिटले. मला वाटलं, थकली असेल. आणि त्या घरघरीच्या वर तिचा आवाज आला. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली नाही. मला बोली येत नाही, पण ती अर्धी तुटलेली ओळ मी नुकतीच ऐकली होती. त्याच ओळीपासून ती पुढं निघाली. शीलानं तिच्या कुशीत तोंड खुपसलं. मी भिंतीला धरून उभी होते, आणि माझ्या हाताखालची थरथर हळूहळू कमी होत थांबली. पलीकडं गिरणीवाल्यानं मोटार बंद केली होती. दळणाच्या बाया डबे तिथंच ठेवून दारात येऊन बसल्या.

रोहिदास गेला, हे मला तेव्हा समजलं.

मधेच एकदा शीलाचा हात रेकॉर्ड करायला कोनाड्यातल्या फोनकडे गेला आणि तसाच मागं आला. याडी म्हणत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. फोन कोनाड्यात होता, बंद.